शेताखालचा समुद्र

वेलचेरीस आम्ही बिऱ्हाड केले त्याला आता चार वर्षे होतील. चेन्नईच्या दक्षिण अंगाची ही वस्ती मुळात एका तळ्याकाठचे खेडे. तळे अजून आहे, परंतु त्याच्या पोटात घरे शिरल्यामुळे ते अंगाने फार खंगले आहे. दक्षिणेला पल्लिकरणैची दलदल पसरली आहे आणि सारा मुलूख खोलगट आहे. 2015 च्या डिसेंबरात येथे घराघरांतून पाणी शिरले होते, ते आम्ही केवळ ऐकले. 2023 च्या डिसेंबरातील चक्रीवादळाचे पाणी मात्र आम्ही स्वतः तिसऱ्या मजल्यावरून दोन दिवस पाहत बसलो. त्या दोन दिवसांत आमचे घरमालक तळमजला सोडून आमच्याकडेच वस्तीला होते. पाण्याकडे पाहत ते शांतपणे म्हणाले, "खोलगट जागेचे हे असेच असते. पाणी येते, गाळ येतो, माणसेही येतात. कोणाला नाही म्हणता येत नाही."

आमचे घरमालक तंजावरी मराठी. सारी गल्ली त्यांना नुसते 'राव' म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरास गेले असे ते सांगतात. त्यांच्या बोलण्यात जुन्या बखरीत शोभावा असा एखादा शब्द अवचित येतो आणि लगेच त्याच्या मागून तमीळ क्रियापद येते. आमचे पुणेरी मराठी ऐकून ते आरंभी हसत आणि त्यांचे ऐकून आम्ही. आता दोघांनाही सवय झाली आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता राव एका संध्याकाळी वर आले आणि खुर्ची ओढून गंभीरपणे म्हणाले, "अहो, तुम्ही केंद्र सरकारचे माणूस. मला एक खरे सांगा. आमच्या शेताखाली तेल आहे की नाही?"

प्रश्नाची पार्श्वभूमी अशी होती. कुडवासलजवळच्या एका खेड्यात रावांची वडिलार्जित साडेतीन एकर भातजमीन आहे. मुले दूरदेशी, जमीन एक कुळ कसते आणि वर्षाकाठी ठरलेला खंड पोचवते. कुंभकोणमचा एक दलाल ती विकत मागत होता. तो म्हणे, "खाली तेल आहे. उद्या नळ टाकायला आले की जमिनीला कुत्रे विचारणार नाही, आजच विका." रावांचा पुतण्या नेमके उलट सांगे : "खाली तेल आहे, म्हणूनच थांबा. उद्या कंपनी पाहिजे ते मोल देईल." दोघांच्या सल्ल्यात तेल समान होते. तेव्हा ते आहे की नाही, एवढे कळले की निर्णय सोपा, असा रावांचा हिशेब.

आमच्या टेबलावरून प्रवासभत्त्याची बिले जातात, भूगर्भाची रहस्ये जात नाहीत, हे आम्ही त्यांना परोपरीने सांगितले. ते त्यांना पटले नाही. केंद्र सरकार हे एकच मोठे कपाट असून त्यातील प्रत्येक कारकुनाजवळ त्याची किल्ली असते, अशी त्यांची समजूत आहे. अखेर "वाचून सांगतो" म्हणून आम्ही सुटका करून घेतली आणि शब्द दिल्यामुळे खरोखरच वाचायला लागलो.

वाचनाची सुरुवात घराच्या गच्चीवरूनच झाली. पश्चिमेकडे पाहिले की परंगिमलैची टेकडी दिसते; इंग्रजांनी तिला सेंट थॉमस माउंट म्हटले. ही टेकडी आणि पलीकडचे पल्लावरम येथील काळसर-निळसर खडक चार्नोकाइट या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. कलकत्त्यास इंग्रजांची वखार वसवणाऱ्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावरची शिळा याच खडकाची निघाली, म्हणून 1893 साली टॉमस हॉलंड या भूवैज्ञानिकाने खडकाला त्याचे नाव दिले. या खडकाचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. ज्या टेकडीकडे आम्ही रोज कपडे वाळत घालताना पाहत होतो ती हिमालयाहून कितीतरी पटींनी जुनी आहे, हे कळल्यावर तिच्याकडे पाहण्याची आमची नजर बदलली. पूर्व अंटार्क्टिकातही याच कुळीचे खडक आहेत, आणि हा योगायोग नव्हे. एके काळी भारत, श्रीलंका आणि अंटार्क्टिका एकाच गोंडवनभूमीचे भाग होते. तंजावरच्या शेताखालची गोष्ट त्या भूमीच्या फाटण्यापासून सुरू होते.

सुमारे तेरा ते पंधरा कोटी वर्षांपूर्वी ही भूमी ताणली जाऊ लागली. भाकरी थापताना पीठ कमी मळलेले असले की कडेला चिरा पडतात. तशा या कठीण कवचाला ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने लांब लांब चिरा गेल्या. दोन चिरांमधला तुकडा खाली खचला की खचदरी होते. शेजारचा तुकडा तसाच उभा राहिला की भूगर्भात बुडालेली डोंगराची ओळ तयार होते. पुदुच्चेरीपासून दक्षिणेस मन्नारच्या आखातापर्यंत अशा दऱ्या आणि ओळी एकाआड एक आहेत, आणि त्या साऱ्यांना मिळून शास्त्रज्ञ कावेरी द्रोणी म्हणतात. तिचे क्षेत्र अनेक वर्षे सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर धरले जात होते. त्यातील जेमतेम पंचवीस हजार जमिनीवर आणि बाकीचे समुद्राखाली. श्रीलंका आणि आपण यांच्यामधली पाल्कची सामुद्रधुनी इतकी उथळ की जहाजे तेथून जायला कचरतात; पण तिच्या तळाखालीही याच खचलेल्या दऱ्या गाळाने भरून पडल्या आहेत.

दरी खचली की ती रिकामी राहत नाही. प्रथम नद्यांनी वाळू आणि गोटे आणून टाकले. मग समुद्र आत आला. क्रिटेशस कल्पातील हा समुद्र आजच्या अरियलूरपर्यंत पोचला होता. तेथील शेतांत आणि चुनखडीच्या खाणींत शंखासारखे वळसे घेतलेले अॅमोनाइट सापडतात. हेन्री ब्लॅनफर्डने 1862 साली या खडकांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे स्टोलिच्का या पंडिताने त्यांतील जीवाश्मांचे मोठे ग्रंथ लिहिले. समुद्र कधी पुढे सरकला, कधी मागे हटला. दऱ्या खचत राहिल्या आणि गाळ साचत राहिला. काही ठिकाणी या गाळाची जाडी पाचसहा किलोमीटर भरते. सर्वांत वरचा, अगदी कालपरवाचा थर कावेरीने टाकला, आणि त्या थरात रावांचे भात उगवते.

जमिनीखालच्या या थरांना नावे देताना शास्त्रज्ञांनी आसपासच्या गावांचीच नावे घेतली आहेत : अंडिमडम, सत्तपाडी, भुवनगिरी, नन्निलम, कमलापुरम, निरवी. त्या यादीत 'कुडवासल शेल' हे नाव दिसताच आम्ही जिन्यावरून धावत खाली गेलो. राव चष्मा पुसून त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. आपल्या गावाचे नाव सात-आठ कोटी वर्षांहून जुन्या समुद्राच्या चिखलाला दिले आहे याचा त्यांना तेलापेक्षाही अधिक आनंद झाला असावा. मात्र पुढच्याच क्षणी ते म्हणाले, "मग तेल आहे तर!"

येथेच खरी अडचण होती. समुद्राचा चिखल असला म्हणजे तेल असतेच असे नाही. सूक्ष्म जीवांचे अवशेष तळाशी पडावे लागतात आणि तेथे प्राणवायू नसावा लागतो, नाहीतर ते कुजून जातात. मग तो चिखल दोनतीन किलोमीटर वा अधिक खोल गाडला जाऊन साधारण साठ ते एकशेवीस अंश सेल्सियसच्या मंद आचेवर लक्षावधी वर्षे शिजावा लागतो. आच कमी पडली तर तेल होत नाही, फार झाली तर त्याचा वायू होतो. तयार झालेले तेल हलके म्हणून वर चढू लागते. वाटेत सच्छिद्र वालुकाश्म भेटला तर ते त्यात मुरते. त्या वालुकाश्मावर घट्ट शेलचे झाकण हवे आणि कडेने निसटू न देणारा सापळा हवा. शिवाय हा सापळा तेल निघण्यापूर्वी तयार असावा. पाहुणे जेवून गेल्यावर मांडलेल्या पाटांचा काय उपयोग? या साखळीतील एक कडी निखळली की सारे व्यर्थ. म्हणूनच जमिनीला धक्के देऊन परत येणारे तरंग कितीही काळजीपूर्वक ऐकले, तरी शेवटचा शब्द भोक पाडल्यावाचून मिळत नाही.

तेल व नैसर्गिक वायू आयोग 1956 साली निघाला आणि त्या दशकाच्या अखेरीस कावेरीच्या खोऱ्यात त्याचे शोधकार्य सुरू झाले; पहिली खोल विहीर 1964 साली खणली गेली. महाराष्ट्रातल्या वाचकाला 1974 चा फेब्रुवारी आठवेल. सागर सम्राट या तरत्या मनोऱ्याने मुंबईपासून दूर समुद्रात तेल काढले आणि एकाच विशाल उंचवट्यातील चुनखडकाने देशाचे दैव पालटले. कावेरीच्या नशिबी तसा सुवर्णयोग आला नाही. येथे चिरांनी द्रोणीचे शेकडो कप्पे केलेले. तेल मिळाले तेही कप्प्याकप्प्यांतून, थोडे थोडे. नागपट्टणमजवळ नरिमणम येथे तेल लागले. 1993 साली त्याच भागात वर्षाला पाच लाख टन क्षमतेचा छोटा शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. पुदुच्चेरीच्या दक्षिणेकडील समुद्रात 1988 साली पीवाय-3 हे तेलक्षेत्र सापडले. त्याच किनाऱ्यासमोरच्या पीवाय-1 या क्षेत्रात तर नैसर्गिक वायू गाळाच्या खडकांत न मिळता त्याखालच्या अतिप्राचीन पायाखडकाच्या भेगांत मिळाला. ज्याला आजवर सारे रिकामा ओटा समजत होते त्याच्याच फटीत ठेव दडून होती. पलीकडे श्रीलंकेने मन्नारच्या खोल पाण्यात 2011 साली दोन विहिरींत वायू शोधला. म्हणजे आशा संपलेली नाही, पण ती प्रत्येक कप्प्यात वेगळी तपासून पाहावी लागते.

हे सर्व ऐकून राव म्हणाले, "वाचलेले पुरे. चला, पाहून येऊ." पोंगल झाल्यावर आम्ही तीन दिवसांची रजा टाकली आणि एळुंबूरहून रात्रीची गाडी धरली.

प्रथम तंजावर. बृहदीश्वराच्या प्राकारातील भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली कोरवलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास राव आम्हांस बोटाने वाचून दाखवत होते. तेथे आम्हांला परंगिमलैची आठवण झाली. 1802 साली विल्यम लॅम्टनने त्याच टेकडीजवळ साखळीने पायारेषा मोजून भारताच्या मोजणीला आरंभ केला होता. 1808 साली याच देवळाच्या शिखरावर चढवताना त्याचे प्रचंड थिओडोलाइट भिंतीवर आपटून मोडले. बिचाऱ्याने ते स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले. त्याची मोजणी भूमीच्या पाठीची होती. तिच्या पोटाची मोजणी आणखी दीडशे वर्षांनी सुरू झाली, आणि अजून चालूच आहे.

कुडवासलला पोचलो तेव्हा सांबा भाताची कापणी चालली होती. रावांचे कूळ म्हणजे साठीचा एक सडसडीत गृहस्थ; त्याने बांधावर चटई अंथरली आणि नारळपाणी दिले. रावांनी वाकून मूठभर माती उचलली व आमच्या हातावर ठेवली. एकही खडा नाही. लोण्यासारखी मऊ, काळी, अंगठ्याने दाबली की ठसा उमटावा अशी. त्याच मातीकडे पाहताना आम्ही आजवर वाचलेले सारे एकदम जागेवर बसले. जमीन येथे खचली नसती तर समुद्र आला नसता आणि तेलही झाले नसते, हे आम्हांस ठाऊक होते. पण जमीन खचली म्हणूनच नदी येथे पसरली, येथेच तिने गाळ टाकला, येथेच भात झाले. तेल आणि तांदूळ यांची आई एकच. दोन सख्ख्या भावंडांपैकी एकाला घरात घ्यायचे तर दुसऱ्याला बाहेर काढावे लागेल अशी भीती आज या खोऱ्यात आहे, आणि भांडण एवढे कडू का झाले याचा उलगडा आम्हांला तेथे थोडासा झाला.

दुपारी बसने नागपट्टणमकडे जाताना हिरव्या-पिवळ्या शेतांच्या मध्ये तारेच्या कुंपणात उभा असलेला नळ्यांचा आणि चाकांच्या झडपांचा एक लोखंडी खांब दिसला. पुढे आणखी एक. दूरवर उंच नळीच्या टोकाला भर उन्हात ज्योत जळत होती. कुंपणाला लागून बायका भात झोडत होत्या. त्यांनी त्या ज्योतीकडे एकदाही पाहिले नाही. तिच्यासोबतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या असाव्यात.

कुळाने बांधावर सांगितलेली गोष्ट आमच्या मनात घोळत होती. 2017 च्या फेब्रुवारीत पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील नेडुवासलला गावकरी शोधकार्याविरुद्ध धरणे धरून बसले, तेव्हा तोही दोन दिवस जाऊन बसला होता. त्याआधी जी. नम्माळ्वार या शेतीतज्ज्ञाने खोऱ्यातल्या मिथेन योजनेविरुद्ध गावोगाव फिरून लोकांना जागे केले होते. 2013 च्या डिसेंबरात त्याच मोहिमेच्या दिवसांत त्यांचा अंत झाला. 2020 च्या फेब्रुवारीत राज्याच्या विधिमंडळाने संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा केला. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम हे जिल्हे आणि पुदुक्कोट्टै व कडलूर यांचे काही भाग त्यात आले. तेथे तेल व वायूचा नवा शोध आणि नव्या विहिरी यांना मनाई झाली, जुन्या मात्र राहिल्या. "पाण्याची भीती वाटते," तो म्हणाला होता. "मेट्टूरचे पाणी जूनच्या बाराला सुटायचे, पण दरवर्षी येतेच असे नाही. मग आम्ही विहिरीच्या पाण्यावर जगतो. समुद्र जवळ आहे. गोडे पाणी खाली गेले की खारे आत येते. त्यात वरून आणखी कोणी जमिनीतून काही काढू लागले, तर?"

या 'तर'ला आमच्याजवळ उत्तर नव्हते. नीट बांधलेल्या विहिरीला लोखंड आणि सिमेंटचे कवच असते, ते गोड्या पाण्याचे थर वेगळे ठेवते, तेल पाण्यापेक्षा कितीतरी खोल असते, हे सर्व आम्ही वाचले होते आणि सांगितलेही. त्याने शांतपणे विचारले, "कवच किती वर्षे टिकते?" आम्ही गप्प राहिलो. त्याच वेळी दुसराही विचार मनाला टोचत होता. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातील शंभरांत पंच्याऐंशीहून अधिक भाग परदेशांतून येतो. आमची स्कूटर वेलचेरीहून कचेरीपर्यंत जी रोज धावते ती कोणाच्या तरी शेताच्या, वाळवंटाच्या अथवा समुद्राच्या पोटातून काढलेल्या तेलावर. कुडवासलला नको म्हणणे न्यायाचे आहे असे आम्हांला त्या बांधावर मनापासून वाटले. पण मग ते कोठे काढावे, हे सांगण्याची जबाबदारी नको म्हणणाऱ्यावर नसली तरी जाळणाऱ्यावर आहे, आणि जाळणारे आम्ही होतो.

परतीच्या गाडीत राव खिडकीशी बसले होते. आम्ही आमचा निकाल एखाद्या टिप्पणीसारखा त्यांच्यापुढे ठेवला. पहिले, तुमच्या शेताखाली तेल आहे की नाही हे कोणीही वरून सांगू शकत नाही. दलालही नाही, पुतण्याही नाही. दुसरे, असले तरी ते तुमचे नाही. जमिनीखालचे खनिज तेल सरकारचे. तुम्हांला मिळायची ती वरच्या जागेची भरपाई. तिसरे, 2020 च्या कायद्याने तुमच्या जिल्ह्यात नवी विहीर होणार नाही. तेव्हा पुतण्याची आशा आणि दलालाची धमकी, दोन्ही आज तरी पोकळ आहेत. राहिला तो केवळ भाताचा हिशेब, आणि तो तुम्हांला आमच्यापेक्षा अधिक कळतो.

बराच वेळ ते बोलले नाहीत. विळ्ळुपुरम गेल्यावर म्हणाले, "तीस वर्षे तो ती जमीन कसतो आहे. मी वर्षातून एकदा जातो आणि मूठभर माती उचलून पाहतो. तेल निघेल म्हणून मी ती धरून होतो काय, असा मला आज प्रश्न पडला." आणखी काही स्टेशने गेली. मग ते म्हणाले, "दलालाला नको. त्यालाच विचारतो. एकदम पैसे नसतील त्याच्याजवळ, हप्त्याहप्त्याने देईल."

तसेच झाले. व्यवहार दलालाच्या भावापेक्षा बऱ्याच कमी रकमेत ठरला, आणि पुतण्या अजून रावांशी बोलत नाही. राव मात्र त्यानंतर आठवडाभर कोणाला न सांगता देवळात जाऊन बसत. पूर्वजांनी मिळवलेली शेवटची जमीन आपण सोडली, हे दुःख कोणत्याही भूशास्त्राने हलके होण्यासारखे नव्हते, आणि आम्ही तसा प्रयत्नही केला नाही.

चैत्रात कुळाकडून तांदळाचे एक पोते आले. त्यातले अर्धे रावांनी आमच्याकडे पाठवले. आमच्या सौ.ने त्या दिवशी साधे वरण आणि तोच भात केला आणि राव जेवायला वर आले. चुलीपाशी उभे राहून ते ज्योतीकडे पाहत म्हणाले, "तांदूळ आमच्या खोऱ्याचा. आच कोठली?" आपल्या देशात स्वयंपाकाच्या गॅसचा मोठा भाग इराणच्या आखाताकडून येतो, एवढे आम्ही सांगितले.

"तेथेही जमीन खचलेलीच असेल," राव म्हणाले, आणि पाटावर बसले.